ब्रिटनमधील स्वयंपाकघरात नागपुरी रस्सा

नागपुरातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला निघालेल्या मुलामुलींच्या बॅगेत घरचे लोक जे सामान कोंबतात, त्यातले बरेचसे तिथे सहज मिळते. तूरडाळ, बेसन, जाड पोहे, ज्वारीचे पीठ, हिंग, चिंच, कढीपत्ता यांपैकी कशाचीही तिथे वानवा नाही. वानवा असते ती भाजण्याच्या सोयीची. आपल्याकडील रस्स्याची चव कांदा, सुके खोबरे आणि खडे मसाले किती खोलवर भाजले आहेत यावर ठरते, आणि ब्रिटनमधील भाड्याच्या घरात नेमके हेच काम अवघड होऊन बसते. कारण शेगडी विजेची, स्वयंपाकघर लहान, खिडकी थंडीमुळे बंद आणि बाहेरच्या मार्गिकेत धूर लागताच कोकलणारा भोंगा असा सगळा थाट असतो. म्हणून पुष्कळजण भाजण्याचा टप्पा आवरता घेतात, बाटलीतील तयार पेस्ट घालतात आणि तिथल्या कांद्यालाच चव नाही असे सांगून मोकळे होतात. कांद्याचा दोष थोडाफार आहे, पण मुख्य दोष कच्च्या वाटणाचा आहे. तेव्हा पुढील सर्व सूचना एकाच गोष्टीभोवती फिरतात : तिथल्या साधनांनी, धूर न करता, पुरेसे भाजायचे कसे.

तिथली करी आणि आपला रस्सा

ब्रिटनला भारतीय जेवण नवीन नाही. मूळचे पाटण्याचे असलेले दीन महंमद यांनी १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर भारतीय पदार्थांचे उपाहारगृह उघडले होते. ते फार काळ चालले नाही. १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर ‘वीरास्वामी’ सुरू झाले. मात्र आज तिथल्या गावोगावी दिसणारी ‘इंडियन’ पाटी लावलेली उपाहारगृहे मुख्यतः आजच्या बांगलादेशातील सिल्हेटकडून आलेल्या बंगाली कुटुंबांनी उभी केली आणि तिथल्या गिऱ्हाइकाच्या जिभेला रुचेल असा स्वतंत्र स्वयंपाक त्यांनी घडवला. त्यांच्या पदार्थांच्या यादीतील कोर्मा, मद्रास, विंदालू ही नावे प्रांतांपेक्षा तिखटाच्या चढत्या पायऱ्या दाखवतात. गोव्यातील विंदालू व्हिनेगर आणि लसणाच्या जोरावर उभा असतो. तिथल्या यादीतील विंदालूत बहुधा फक्त जास्तीचे तिखट असते. १९७० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये रूढ झालेली बाल्टी, म्हणजे पातळ पत्र्याच्या कढईत झटपट करून त्याच कढईत वाढलेली भाजी, ही मात्र मला त्या शहराची प्रामाणिक आणि चवदार निर्मिती वाटते. बर्मिंगहॅमला गेल्यास ती अवश्य खावी.

या उपाहारगृहांची पद्धत समजून घेणे आपल्याही उपयोगाचे आहे. ते मोठ्या पातेल्यात भरपूर कांदे आणि थोड्या इतर भाज्या उकडून, वाटून एक पातळसर ग्रेव्ही आधीच तयार ठेवतात. मागणी आली की तेलात लसूण आणि मसाला परतून त्यावर या ग्रेव्हीच्या पळ्या ओततात, आणि दहा-पंधरा मिनिटांत पदार्थ तयार होतो. त्यामुळे तिथल्या बहुतेक कऱ्यांना एकच गोडसर, मऊ पाया असतो. आपला रस्सा याच्या उलट दिशेने जातो, कारण आपण कांदा उकडत नाही, तो काळपट होईपर्यंत भाजतो. म्हणून त्यांची ग्रेव्ही घेऊ नये. त्यांची व्यवस्था मात्र जरूर घ्यावी. वेळखाऊ भाग सुटीच्या दिवशी एकदाच करून ठेवायचा आणि आठवडाभर तो वापरायचा, ही शिस्त दिवसभर कॉलेज किंवा ऑफिस करून घरी येणाऱ्याला वाचवते.

नागपुरातून काय न्यावे

सावजी रस्स्याचा, म्हणजे विणकाम करणाऱ्या हलबा कोष्टी समाजातून आलेल्या त्या तिखटजाळ रस्स्याचा गंध धणे-जिऱ्याने येत नाही. तो दगडफूल, नागकेशर, शहाजिरे, जायपत्री आणि मोठी वेलची यांच्या मेळातून येतो. यांपैकी मोठी वेलची आणि जायपत्री ब्रिटनमधील भारतीय दुकानांत सहज मिळतात, पण चांगले दगडफूल आणि नागकेशर शोधावे लागते. म्हणून इतवारीच्या किराणा ओळीतून या दोन वस्तू प्रत्येकी शंभर ग्रॅम घेतल्या, तर वर्ष निघते. खडे मसाले अखंडच न्यावेत, कारण दळलेल्या मसाल्याचा वास काही महिन्यांत उडतो. मिरचीच्या बाबतीत मात्र माझा सल्ला उलटा आहे. वाळलेली मिरची तिथे भाजण्याच्या फंदात कोणीही पडू नये. तिचा ठसका मजल्यावरच्या सगळ्यांना खोकायला लावतो. आपल्या जिल्ह्यातील भिवापुरी मिरची इथेच उन्हात कडकडीत वाळवून, दळून, दुहेरी पिशवीत बंद करून न्यावी. मे महिन्यात गच्चीवर घातलेल्या मुगवड्या, सांडगे आणि कुरडया वजनाला हलक्या असल्याने त्यांनाही जागा द्यावी. बर्फ पडत असताना मुगवड्यांची रस्साभाजी तासाभरात होते आणि तिला बाजारात जावे लागत नाही.

काय नेऊ नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. भारतातून ब्रिटनमध्ये प्रवाशाच्या सामानातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. साजूक तूप, पेढे आणि खवा घातलेली संत्रा बर्फी यांचा त्यात समावेश होतो, मग ती आजीने कितीही प्रेमाने बांधून दिलेली असो. ताज्या भाज्या, फळे आणि रोपे यांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत असतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरील यादी पाहून घ्यावी. तुपाची चिंता करण्याचे कारण नाही. तिथले बिनमिठाचे लोणी उत्तम असते. अडीचशे ग्रॅमची वडी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर कढवली, की साधारण दोनशे ग्रॅम तूप निघते.

मिक्सर न्यावा की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तिथला वीजपुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असल्यामुळे इथला मिक्सर तिथे नीट चालतो; फक्त तिथल्या चौकोनी तीन खिट्टीच्या सॉकेटसाठी चांगल्या प्रतीचा अडॅप्टर लागतो. सुके खोबरे आणि भाजलेले वाटण बारीक करण्याची ताकद तिथल्या सरबते घुसळणाऱ्या स्वस्त ब्लेंडरमध्ये नसते, म्हणून वजन परवडत असेल तर लहान मिक्सर न्यावा, असे माझे मत आहे. कुकरचे मात्र उलट. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर तापतच नाही. घरात कोणती शेगडी आहे हे कळल्याशिवाय कुकर घेऊ नये, आणि घेतलाच तर ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो असा स्टीलचा घ्यावा. खोलगट बुडाचा तवा आणि गोल बुडाची कढईही सपाट काचेच्या शेगडीवर निरुपयोगी ठरतात.

कुठे काय मिळते

शहरातील कोणत्या भागात कोणती वस्ती आहे, यावर तिथल्या दुकानांतील माल ठरतो, आणि हे एकदा ध्यानात आले की फुकटची पायपीट टळते. लंडनमधील वेम्बलीचा ईलिंग रोड आणि लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड येथे गुजराती वस्ती मोठी आहे. त्यामुळे ज्वारी-बाजरीचे पीठ, तूरडाळ, वालाच्या शेंगा, कोवळी मेथी आणि पातीचा लसूण यांसाठी ती जागा उत्तम. लंडनमधीलच ईस्ट हॅम आणि टूटिंग येथील दाक्षिणात्य व श्रीलंकन दुकानांत कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्या मिळतात, आणि आपली अंबाडी तिथे गोंगुरा या तेलुगू नावाने येते. लंडनचे साउथॉल पंजाबी माणसांचे, तर बर्मिंगहॅमचे स्पार्कब्रुक, ब्रॅडफर्ड आणि मँचेस्टरचा विल्म्स्लो रोड ही ठिकाणे प्रामुख्याने पाकिस्तानी वस्तीची आहेत. मटण घ्यायचे असेल तर अशा ठिकाणच्या हलाल खाटकाकडे जावे. मध्य लंडनमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला यूस्टन स्थानकाजवळील ड्रमंड स्ट्रीट जवळ पडेल.

मटण घेताना एक काळजी घ्यावी. ब्रिटनमध्ये ‘मटण’ म्हणजे मोठ्या मेंढीचे मांस, आणि ‘लॅम’ म्हणजे वर्षाच्या आतील कोकराचे. मेंढीच्या चरबीचा उग्र वास आपल्या मसाल्यालाही दबत नाही, आणि कोकराचे मांस इतके लवकर शिजते की रस्सा मुरण्याआधी त्याचा चुरा होतो. बोकडाचे हवे असेल तर स्पष्टपणे ‘गोट’ मागावे, हाडांसकट तुकडे करून घ्यावेत आणि नळीची हाडे वगळू नका असे सांगावे. कोंबडी घेत असाल तर सुपरमार्केटमधील छातीच्या मांसापेक्षा हाडासकट मांड्या घ्याव्यात. त्या स्वस्तही पडतात आणि रस्स्यात कोरड्याही होत नाहीत. कच्ची कोंबडी नळाखाली धुण्याची आपली सवय तिथे सोडावी. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू ओट्यावर पसरतात, म्हणून तिथली अन्नसुरक्षा संस्था धुण्याविरुद्ध सल्ला देते. कातडी ओढून काढावी, कागदी रुमालाने टिपून घ्यावी, एवढे पुरे.

तेलाविषयीही थोडे सांगायला हवे. सावजी स्वयंपाक पूर्वी जवसाच्या तेलात होत असे, म्हणून कुणी हौसेने तिथल्या आरोग्यदायी वस्तूंच्या दुकानातून जवसाचे तेल आणतो. ते तेल कच्चे खाण्यासाठी थंड पद्धतीने काढलेले असते, ते लवकर जळते आणि कडवट होते. फोडणीला ते वापरू नये. तिथे ‘व्हेजिटेबल ऑइल’ म्हणून जे मिळते ते बहुधा रेपसीडचे, म्हणजे मोहरीच्या कुळातील एका बीचे असते. त्याला स्वतःचा वास नसतो आणि ते तापवले तरी टिकते. शेंगदाण्याचे तेल मिळाले तर अधिक चांगले. मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर तिथे ‘केवळ बाह्य वापरासाठी’ असे छापलेले दिसेल, ते त्यातील इरुसिक आम्लामुळे.

खसखस पांढरी पाहून घ्यावी. सुपरमार्केटमध्ये पावावर भुरभुरण्याची निळसर काळी खसखस असते आणि तिने वाटणाचा रंग बिघडतो. आले-लसणाची बाटलीबंद पेस्ट शक्यतो टाळावी, कारण टिकवण्यासाठी तिच्यात आम्ल घातलेले असते आणि रस्स्याला नको तो आंबटपणा येतो. करी पावडर घेऊच नये.

धुराविना भाजणे

आता मुख्य मुद्द्याकडे. अनेक वसतिगृहांत स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारे आणि बाहेरच्या मार्गिकेत धूर ओळखणारे यंत्र असते. म्हणून स्वयंपाक सुरू करण्यापूर्वी स्वयंपाकघराचे दार बंद करणे, शेगडीवरचा पंखा सुरू करणे आणि खिडकी चार बोटे उघडणे, हा क्रम अंगवळणी पाडावा. पुष्कळजण दार उघडे ठेवतात, की हवा खेळती राहील. त्याने धूर थेट मार्गिकेत जातो आणि पूर्ण इमारत थंडीत बाहेर उभी राहते. यंत्रावर पिशवी बांधण्याचा आगाऊपणा कुणी करू नये. तो धोकादायक आहे आणि त्यासाठी दंडही होतो.

शेगडीवर तव्यात भाजण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजणे हा यावरचा खरा उपाय आहे. ब्रिटनमधील जवळजवळ प्रत्येक घरात ओव्हन असतोच, आणि आपल्या माणसांच्या घरी तो बहुधा भांडी ठेवण्याचे कपाट होऊन बसलेला असतो. ओव्हनमध्ये आच चारी बाजूंनी सारखी लागते, सतत ढवळावे लागत नाही आणि तेलाचा धूर होत नाही. पुढे दिलेली उष्णतामाने साध्या ओव्हनची आहेत. आत पंखा असलेल्या ओव्हनमध्ये ती २० अंशांनी कमी ठेवावीत.

पहिल्यांदा खडे मसाले भाजावेत. धणे ५० ग्रॅम, मिरे आणि दालचिनी प्रत्येकी १० ग्रॅम, लवंग, शहाजिरे आणि सुंठ प्रत्येकी ५ ग्रॅम, नागकेशर आणि जायपत्री प्रत्येकी २ ते ३ ग्रॅम, मोठी वेलची पाच, चक्रीफूल दोन, तमालपत्राची पाने सहा, असे सारे एका थाळीत एकाच थरात पसरून १५० अंश सेल्सियसवर, म्हणजे गॅसच्या ओव्हनमध्ये २ क्रमांकावर, आठ ते दहा मिनिटे ठेवावे. शेवटच्या तीन मिनिटांत त्यावर २० ग्रॅम खसखस आणि ५ ग्रॅम दगडफूल टाकावे. ही दोन्ही लवकर करपतात. मसाला पूर्ण गार झाल्यावरच दळावा, नाहीतर भांड्यात वाफ धरून गुठळ्या होतात. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते आणि सावजी खानावळींचे मालक आपले प्रमाण कुणाला सांगत नाहीत. वरील प्रमाण घरगुती आहे आणि ते आपल्या जिभेप्रमाणे बदलण्यास हरकत नाही. दगडफूल तेवढे वाढवू नये. जास्त झाले तर रस्सा मातकट लागतो.

नंतर खोबरे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मिळाल्या तर २५० ग्रॅम खोबऱ्याचे पातळ काप करून १६० अंशांवर आठ ते दहा मिनिटे, मध्ये एकदा परतून, तांबूस होईपर्यंत भाजावेत. वाट्या न मिळाल्यास केकसाठी विकला जाणारा सुका खोबऱ्याचा कीस चालतो, पण तो चार-पाच मिनिटांतच लाल होतो आणि त्याच्या पुढच्या मिनिटाला काळा, तेव्हा ओव्हनसमोरून हलू नये. गोड घातलेला कीस घेऊ नये, हे सांगायला नको.

कांद्याला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि सारी गंमतही त्यातच आहे. तिथला पिवळट सालीचा कांदा पाणीदार आणि गोडसर असतो. शक्य असेल तर निम्मे कांदे लाल घ्यावेत. एक किलो कांद्याचे उभे, जाडसर काप करून त्यांना तीन मोठे चमचे तेल चोळावे, दोन थाळ्यांत विरळ पसरावेत आणि २०० अंशांवर, म्हणजे ६ क्रमांकावर, ४० मिनिटे ठेवावेत. दर दहा मिनिटांनी थाळी बाहेर काढून कांदा वरखाली करावा. थाळीत दाटी केली तर कांदा भाजण्याऐवजी वाफवला जातो आणि मग तो उपाहारगृहांच्या ग्रेव्हीसारखाच लागतो. कडा काळ्या आणि मधला भाग गडद तपकिरी झाला, की वरच्या ग्रिलखाली दोन-तीन मिनिटे धरावा. विस्तवात खरपूस झालेल्या कांद्याचा जो वास आपल्याला हवा असतो, तो या शेवटच्या दोन मिनिटांत येतो. तिथवर जाण्यापूर्वीच पुष्कळांचा धीर सुटतो. गुलाबी झालेला कांदा पुलावाला ठीक आहे, रस्स्याला नाही.

भाजलेला कांदा, खोबरे, शंभर ग्रॅम लसूण आणि पाऊणशे ग्रॅम आले एकत्र करून, लागेल तेवढेच पाणी घालून गंधासारखे बारीक वाटावे. याचे पाच सारखे भाग करून डब्यांत भरावेत आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. एक भाग अर्धा किलो मटणाला किंवा चार माणसांच्या पाटवडीला पुरतो, आणि तीन महिने तरी त्याची चव उतरत नाही.

मटणाचा रस्सा

एक किलो बोकडाच्या मटणाला हळद, मीठ आणि दोन चमचे ताजे वाटलेले आले-लसूण चोळून तासभर ठेवावे. नंतर पाऊण लिटर पाणी घालून कुकरमध्ये शिजवावे. तिथे विकत घेतलेले पुष्कळ कुकर शिट्टी देत नाहीत, केवळ झडप वर येते. तेव्हा शिट्ट्या मोजण्याऐवजी झडप वर आल्यापासून २५ मिनिटे मोजावीत आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. कुकर नसेल तर जाड बुडाच्या झाकणाच्या पातेल्यात दोन तास मंद आच द्यावी. अळणी पाणी टाकू नये, रस्सा त्याचाच करायचा आहे.

दुसऱ्या पातेल्यात दीडशे मिलिलिटर तेल तापवावे. हे प्रमाण पाहून दचकू नये. तर्री, म्हणजे रस्स्यावर तरंगणारा लाल तेलाचा तवंग, हवी असेल तर तेल लागते, आणि वाढताना ते वरून काढून ठेवता येते. तेलात दोन तमालपत्रे टाकून वाटणाचे दोन भाग घालावेत आणि मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटे, कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. विजेची शेगडी बटण फिरवल्यावर लगेच थंड होत नाही. वाटण बुडाला लागू लागले तर बटणाशी खेळत न बसता पातेलेच उचलून बाजूला घ्यावे. आता तीन मोठे चमचे दळलेला मसाला घालावा. पातेले आचेवरून उतरवून मगच तिखट घालावे, कारण कडकडीत तेलात तिखट काळे पडते आणि तर्रीचा रंग जातो. नागपूरचे तिखट संपले असेल तर दोन भाग काश्मिरी आणि एक भाग तिथे ‘एक्स्ट्रा हॉट’ म्हणून मिळणारे, असे मिश्रण करून तीन मोठे चमचे घ्यावे. सावजी खानावळीच्या मानाने हे सौम्यच आहे, पण दुसऱ्या दिवशी परीक्षा किंवा ऑफिस असणाऱ्याला पुरेसे आहे.

दोन पळ्या अळणी घालून मसाला पुन्हा आचेवर मिनिटभर फुलू द्यावा. एक मोठा चमचा ज्वारीचे पीठ कोरडेच भाजून, पाण्यात कालवून त्यात घालावे; रस्स्याला जो मिळून आलेला दाटपणा हवा असतो, तो याने येतो. नंतर मटण आणि उरलेले अळणी घालून, लागेल तसे गरम पाणी वाढवून, अर्धवट झाकणाखाली वीस मिनिटे मंद उकळावे. टोमॅटोची पेस्ट, मलई, नारळाचे दूध यांना या पातेल्यात जागा नाही. शेगडी बंद केल्यावर पंधरा मिनिटे पातेल्याला हात लावू नये, म्हणजे तर्री वर येते. शेवटी सांभार, म्हणजे चिरलेली कोथिंबीर, पेरावा.

पाटवडी आणि इतर

मांस न खाणाऱ्या नागपूरकराची अब्रू पाटवडीवर असते. एक वाटी बेसनाला दीड वाटी पाणी घेऊन त्यात गुठळ्या मोडून घ्याव्यात. तेलात जिरे, ओवा, वाटलेली मिरची-लसूण आणि हळद यांची फोडणी करून हे मिश्रण ओतावे व सतत ढवळत शिजवावे. गोळा भांड्याची कडा सोडू लागला, की झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ द्यावी. तेल लावलेल्या थाळीत बोटभर जाडीचे थापून, वरून थोडे खोबरे आणि सांभार पेरून वड्या पाडाव्यात. यासाठी सुपरमार्केटमधील लहानशी कोथिंबिरीची पाकिटे घेऊ नयेत; भारतीय दुकानातील एक जुडी कमी पैशांत मिळते आणि सांभारवडीलाही पुरते. रस्सा वर दिलेल्या पद्धतीनेच, एक भाग वाटण आणि पाण्यावर करावा, आणि वड्या ताटात वाढताना सोडाव्यात, कारण आधी सोडल्यास त्या रस्सा पिऊन टाकतात आणि फुटतात.

डाळ शिजत नाही, ही तक्रार लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधून नेहमी ऐकू येते. तिथले पाणी जड आहे आणि त्यातील कॅल्शियममुळे डाळीची कवचे लवकर मऊ होत नाहीत. डाळ तासभर भिजवावी, शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा आणि मीठ व चिंच डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावी. स्कॉटलंड, वेल्स किंवा मँचेस्टरकडे पाणी हलके असल्याने हा त्रास होत नाही.

भरितासाठी वांग्याला तेल लावून, चार टोचे मारून ग्रिलखाली ३५ ते ४० मिनिटे, फिरवत भाजावे. तुऱ्हाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजल्याचा वास त्याला येणार नाही. तो आणण्यासाठी घरात कोळसा पेटवून धुरी देण्याचा प्रकार मुळीच करू नये, बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो. उन्हाळ्यात कुणाच्या अंगणात बार्बेक्यू असेल तेव्हा चार वांगी घेऊन जावे. कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीला बटरनट स्क्वॉश चांगला लागतो. ऑक्टोबरअखेरीस कोरण्यासाठी विकले जाणारे मोठे केशरी भोपळे स्वस्त असतात, पण पाणचट निघतात. कैरी नसेल तेव्हा ब्रॅम्ली जातीच्या आंबट सफरचंदाची तिखट-मीठ लावलेली कोशिंबीर किंवा झटपट लोणचे करता येते. ज्वारीचे पीठ दुकानात पडून जुने झालेले असते आणि भाकर थापताना चिरते. उकळत्या पाण्यात उकड काढून मळल्यास ते जमते. भाकर सपाट तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकून शेवटी कडक तापलेल्या ग्रिलखाली धरली, की फुगते.

वाढणे, उरवणे आणि टाकणे

तिथल्या मित्रांना जेवायला बोलावले असेल तर रस्सा सौम्य ठेवून तर्री वेगळ्या वाटीत द्यावी. आपल्याकडे पोह्यांवर ज्याने-त्याने आपल्या हिमतीप्रमाणे तर्री घ्यावी, तसे. त्याआधी ॲलर्जीबद्दल अवश्य विचारावे. ब्रिटिश कायद्याने नमूद केलेल्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांत शेंगदाणे, तीळ, मोहरी, दूध आणि गहू हे सारे आहेत, आणि आपल्या फोडणीत, कुटात व चटणीत त्यांतील काही ना काही असतेच. हिंगाच्या डबीतही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

रस्सा दुसऱ्या दिवशी मुरून चांगला लागतो, आणि लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन दिवस राहतो. भाताचे तसे नाही. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू तग धरतात आणि भात उबेला राहिला तर ते वाढून विष तयार करतात, जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात शक्यतो तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, एका दिवसाच्या आत फोडणी देऊन संपवावा आणि दुसऱ्यांदा गरम करू नये. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करण्याची रीत तिथे विसरावी. तापलेल्या खोल्यांत ती विशेष धोक्याची आहे.

राहिले उरलेले तेल. ताटातली आणि पातेल्यातली तर्री मोरीत ओतू नये. नळीत ती थिजते, आणि शहराच्या गटारात अशाच चरबीचे डोंगर तयार होतात. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखाली सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा असा एक गोळा सापडला होता. पातेले आधी कागदी रुमालाने पुसून घ्यावे, तेल रिकाम्या बरणीत साठवावे आणि बरणी भरली की झाकण घट्ट लावून कचऱ्यात टाकावी किंवा नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रावर द्यावी.